न चालणारं नाणं

वहिनी गेल्यावर अण्णा माझ्याकडे कुंभकोणमला राहायला आला. माझा हा थोरला भाऊ. जन्मभर रेल्वेत नोकरी केलेला, फलाटावरच्या अनोळखी माणसालाही बोलतं करणारा. पण इथे आल्यापासून चार महिने तो माझ्या खिडकीपाशी नुसता बसून होता. जेव म्हटलं की जेवायचा, नीज म्हटलं की निजायचा. मी शाळेतून निवृत्त झालेली, एकटी राहणारी बाई. जन्मभर वर्गातल्या मुलांना गप्प बसवत आले, पण मोठ्या माणसाला बोलतं कसं करायचं ते मला ठाऊक नव्हतं.

सकाळी फिरायला जाताना माझी नजर नेहमी रस्त्यावर असते. पडलेलं नाणं दिसलं की मी उचलते. सगळे मोबाइलवर पैसे द्यायला लागल्यापासून रुपया-दोन रुपयांसाठी कुणी वाकत नाही. मी वाकते. आणि सापडलेला पैसा घरी आणत नाही. त्यात थोडी आपली भर घालायची आणि तिथल्या तिथे काहीतरी घ्यायचं. कधी गरम वडा, कधी देवळाच्या हत्तिणीसाठी केळं.

एका सकाळी मी अण्णाला जवळजवळ ओढूनच बाहेर काढलं. महामहम् तळ्याच्या कोपऱ्यावर तो एकदम थांबला आणि गुडघ्यावर हात टेकून वाकला. मला वाटलं, चक्कर आली. तो सरळ झाला तेव्हा त्याच्या बोटांत दहा रुपयांचं नाणं होतं.

"हे तुझं की माझं?" त्यानं विचारलं.

"सापडलं त्याचं. पण आत्ताच खर्चायचं."

तो फूलवालीकडे गेला. हातभर मल्ली मागितली, मोगऱ्याचा गजरा. तिनं नाणं उलटंपालटं करून परत केलं. "शेल्लादु, अय्या." चालत नाही म्हणे. आमच्याकडे दहाच्या नाण्याबद्दल ही अफवा कुणी उठवली देव जाणे, पण अजून पुष्कळांच्या मनातून ती गेलेली नाही. कॉफीवाल्यानंही मान हलवली. केळीवाल्यानं तर हातही लावला नाही.

"का चालत नाही?" अण्णाचा आवाज चढला. "सरकारनं पाडलंय, मी घरी नाही पाडलं!"

केळीवाला हसू लागला. अण्णा तमिळमध्ये भांडत होता, हात हलवत होता, चेहरा लाल झाला होता. आणि मी आपली बाजूला उभी राहून मनात म्हणत होते, भांड बाबा, आणखी भांड.

तेवढ्यात दारासुरम्‌ची टाउन बस आली. "चढ," अण्णा म्हणाला.

"दारासुरम्‌ला काय काम आहे?"

"काम कशाला पाहिजे? कंडक्टर घेतो का ते बघू."

बायकांना टाउन बसमध्ये तिकीट पडत नाही, तेव्हा प्रश्न त्याच्या एकट्याचाच होता. कंडक्टरनं नाण्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते पिशवीत टाकलं, तिकीट फाडून दिलं आणि वर सुटे परत केले. अण्णा माझ्याकडे असा बघायला लागला, जणू कोर्टात खटला जिंकलाय.

दारासुरम्‌ला उतरलो खरे, पण जायचं कुठे ते ठरलं नव्हतं. विणकरांच्या गल्लीतून उगाच चालत राहिलो. एका ओसरीशी अण्णा थांबला. आत माग चालू होता. खटखट, खटखट. विणकराच्या बायकोनं आम्हाला आत बोलावलं, बसायला चटई टाकली, मोरू म्हणजे पातळ ताक आणून दिलं. मागावर जांभळी साडी होती, काठ मोरपिशी.

अण्णा बराच वेळ त्या साडीकडे पाहत होता. मग आमच्या घरच्या मराठीत, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहून बदललेल्या, पुण्याचे नातेवाईक जिला हसतात त्या मराठीत, म्हणाला, "तिला जांभळा कधी आवडला नाही. मी दोनदा आणली, दोनदा तिनं बदलून घेतली."

वहिनी गेल्यापासून तिच्याबद्दल तो पहिल्यांदा बोलला. तो बोलत राहिला. दुकानदारासमोर ती कशी रागावली, बदललेली हिरवी साडी नेसून कशी दारात उभी राहिली. बोलता बोलता त्याचे डोळे भरले. विणकराच्या बायकोला आमची भाषा कळत नव्हती. तिनं न विचारता त्याचं भांडं पुन्हा भरलं, आणि तो तेही प्यायला.

परत येताना बसमध्ये तो माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपला.

दुसऱ्या दिवशी मी पूजा करत होते तेव्हा दाराची कडी वाजली. अण्णा एकटाच निघाला होता. "कुठे?" मी आतूनच विचारलं.

"इन्नंबूरला. भाताची रोपं लावताहेत म्हणे. जेवायला येतो."

आला दोन वाजता. पायजमा पोटरीपर्यंत चिखलानं माखलेला, चपला हातात. "भूक लागली," म्हणाला, आणि मी वाढायच्या आधीच पाटावर बसला.