माझ्या नसण्याची प्रॅक्टिस

"तिले आतापासूनच नाही असं धरा. मंग जड नाही जात."

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. सासूबाई मागच्या अंगणात कपडे वाळत घालता घालता नणंदेला समजावत होत्या, आणि मी दाराआड चिमट्यांचा डबा घेऊन उभी होते. लग्नाला तेव्हा दोन महिने झाले होते. मी पुढे होऊन डबा दिला तर दोघी माझ्याकडे बघून छान हसल्या. म्हणजे राग नव्हता. राग असता तर बरं होतं, त्याला निदान उत्तर देता येतं.

तेव्हापासून आमच्या सौंसरच्या घरातले किस्से साचत गेले. मी ते मैत्रिणींना फोनवर एकेक करून सांगायचे. त्या आधी हसायच्या आणि मग मधेच विचारायच्या, तू बरी आहेस ना? शेवटी म्हटलं, लिहूनच काढू. नाहीतर थोड्या दिवसांनी मलाच वाटायचं की हे दुसऱ्या कुणाचे आहेत.

कारण आधी सांगते. नवरा, म्हणजे निखिल, अमेरिकेत नोकरीला आहे. तीन आठवड्यांच्या रजेवर आला, लग्न केलं आणि गेला. तिथे त्याने कंपनी बदलली. नव्या कंपनीने त्याच्यासाठी तिथल्या सरकारकडे अर्ज टाकला आहे. तो मंजूर झाला की मग माझ्या व्हिसाचं पुढचं काम. अर्ज कित्येक महिने नुसता पडून. जास्तीची फी भरली तर पंधरा कामाच्या दिवसांत त्यावर काहीतरी होतं. ते हो असू शकतं, नाही असू शकतं, किंवा अजून कागद आणा असंही असू शकतं. म्हणजे फी घाईची असते, मंजुरीची नाही. कंपनी म्हणते, घाई तुम्हाला आहे, तुम्हीच भरा. आणि "नाही" आलं तर निखिलची नोकरीच जाते, त्याला परत यावं लागतं.

निखिल पहिल्यांदा गेला तेव्हा सासूबाई सहा महिने नीट जेवल्या नव्हत्या म्हणे. म्हणून या वेळी घराने माझ्या नसण्याची आधीच प्रॅक्टिस करायचं ठरवलं. फक्त झालं असं, की अर्ज हलेना आणि प्रॅक्टिस काही थांबेना.

*

पहिला किस्सा चहाचा. चहा मीच करते. सुरुवातीला सासूबाई म्हणायच्या, "तीन कप टाक वो." मी चार टाकायचे. त्या बघायच्या, चौथा कप हळूच ओट्याच्या कोपऱ्यात सरकवून ठेवायच्या. मी तिथे उभी राहून प्यायचे.

एक दिवस चहा गाळला. बाबांना दिला, सासूबाईंना दिला, नणंदेला, पिंकीला दिला, गाळणी धुतली, पातेलं पालथं घातलं. मग ओट्याशी उभी राहून मी काहीतरी शोधत होते. काय शोधतेय ते बराच वेळ आठवेना.

मी स्वतःच तीन कप टाकले होते.

*

बाबा, म्हणजे सासरे, सरकारी कचेरीत बाबू होते. रिटायर झाले तरी हात ऐकत नाही. आमच्या अर्जाची त्यांनी घरी एक फाइल उघडली आहे, लाल नाडीवाली. निखिलने पाठवलेल्या कागदांचे प्रिंट त्यात पंच करून लावलेले. वर एक नोटशीट. दर सोमवारी पूजा झाली की बाबा त्यावर एक ओळ लिहितात, "स्थिती कायम", आणि खाली सही.

मी एकदा फाइल पुसताना पहिलं पान पाहिलं. अर्जदाराच्या पुढे निखिलचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव, तहसील. त्याखाली लिहिलं होतं, "आश्रित : एक."

मी विचारलं, "बाबा, इथं नाव नाही टाकत का?"

"मंजुरीनंतर," ते म्हणाले.

*

घाईच्या फीला बाबांचा सक्त विरोध. त्याचं कारण त्यांनी मला अगदी शांतपणे, सुपारी कातरत सांगितलं.

"पाय बेटा, टेबलावर ढीग असते. साहेब काही वाचत नाही. खालून-वरून सह्या करत जाते. पण एखादी फाइल कोणी पुढं धकवली, की साहेब म्हणते, हे काऊन घाई करून राहिले? अन् मंग तो ती वाचते."

मी म्हटलं, वाचली तर काय बिघडतं?

"आमच्याकडं एक शेतकरी यायचा. वाटणीची फाइल होती त्याची. रोज यायचा, रोज घाई. शेवटी साहेबानं ढिगातून त्याचीच काढली आणि वाचली. तर जुन्या रजिस्टरात तो मेलेला निघाला."

"मग?"

"मंग काय. तो समोर खुर्चीत बसून, अन् साहेब त्याच्याकडं पाहून मयताचा दाखला मागून राहिला. दोन वर्षं जिवंत असल्याचे कागद आणत होता बिचारा. त्याच ढिगातल्या बाकीच्यांच्या फाइली न वाचता निघून गेल्या."

बाबांनी सुपारी तोंडात टाकली.

"घाई केली नसती, तर राह्यला असता जिवंत."

*

मोहगावला चुलत दिराचं लग्न होतं. फोटोग्राफर ओरडला, घरचे सगळे या. मी पदर सारखा करून सासूबाईंच्या मागे जाऊन उभी राहिले. त्यांनी वळून माझा हात धरला आणि हळूच मला दोन पावलं बाजूला घेतलं.

"तू नको राहू यात. मंग तू गेल्यावर फोटो पाह्यला की याद येते."

त्या खरंच काळजीने बोलत होत्या. हात तसाच धरून होत्या. तेवढ्यात कुणीतरी आपला मोबाइल माझ्याकडे दिला, यातही एक काढा म्हणून.

काढला. सगळे मावले. माझी जागाही रिकामी दिसत नव्हती, तिथे सनईवाला येऊन उभा होता.

*

माझं कपाट पिंकीला दिलं गेलं. "वहिनी, तुम्हाला कशाला लागते आता," असं म्हणत तिने त्यात आपली बीएडची पुस्तकं रचली. माझे कपडे बॅगेत. जायच्या मापाने भरलेली, विमानात चालते तेवढी, तेवीस किलोची मोठी बॅग. पांढुर्ण्याच्या मामांचं संत्र्याचं काम आहे, त्यांच्या गोडाऊनमधल्या काट्यावर मोजून आणली होती. मी रोज त्यातून साडी काढते, धुऊन परत त्यातच ठेवते.

संक्रांतीला मी माझ्या चार साड्या माहेरी बहिणीला देऊन टाकल्या. नंतर पांढुर्ण्याला जाणं झालं तेव्हा मामा म्हणाले, "आण वो बॅग, पुन्हा एकदा पाहून घेऊ." काट्यावर ठेवली.

तेवीस.

मामा खूश झाले. सासूबाई तिकडे क्रेटमधली संत्री दाबून बघत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. घरी येऊन मी बॅग तळापर्यंत उपसली. सगळ्यात खाली चार जुनी सुती लुगडी होती, नीट घडी घातलेली, वापरून मऊ झालेली. सासूबाईंची. ती कधी ठेवली, कशाला ठेवली, मी विचारलं नाही. मला नसल्यासारखं धरणाऱ्या घरात कोणीतरी माझं वजन भरून काढत होतं. रात्री झोप यायला त्यामुळे सोपं झालं की अवघड, ते अजून ठरलेलं नाही.

*

आणि हा मागच्या रविवारचा, सकाळचा. फोन संत्र्यांच्या टोपलीला टेकवून ठेवलेला, त्यात व्हिडिओवर निखिल. समोर आई, पिंकी, बाबा आणि बाबांच्या शेजारी मी, संत्रं सोलत. दोन फोडी सोलून बाबांच्या हातावर ठेवल्या होत्या. त्यांनी त्या खाल्ल्याही होत्या.

निखिल म्हणाला, "वकिलाला सोमवारपर्यंत सांगायचं आहे. फी भरायची की नाही."

"घाई नको," बाबा म्हणाले. "पडून आहे तोवर सलामत आहे."

"अन् भरली, अन् नाही आलं तं?" आईंनी विचारलं.

"तर मी परत येईन, आई."

आईंच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. त्यांना स्वतःलाच ते कळलं असावं, त्यांनी लगेच पदराने तोंड पुसलं.

मग बराच वेळ चर्चा झाली. ती इथंच राहिली तर काय, ती गेली तर काय, तिचं वय काय, तिच्या माहेरचे काय म्हणतील. मी दुसरं संत्रं घेतलं.

शेवटी पिंकी म्हणाली, "पण दादा, वहिनीचं काय म्हणणं आहे?"

"हो ना," बाबा फोनकडे वाकून म्हणाले. "तिले विचारून पाय बरं."

"थांबा, लावतो तिला," निखिल म्हणाला.

त्याने बाजूचा मोबाइल उचलला, आकडे दाबले, आणि माझ्या मांडीवरचा फोन वाजू लागला. मी सगळ्यांकडे पाहिलं. सगळे टोपलीकडे पाहत होते. फोन वाजतच राहिला.

"उचलत नाही वाटते," बाबा म्हणाले.

मी उचलला. तिकडे निखिलने मोबाइल स्पीकरवर टाकून लॅपटॉपजवळ धरला. त्यामुळे मी नुसतं "हॅलो" म्हटलं, ते एक क्षण थांबून टोपलीतून आलं, आणि तिघंही टोपलीकडे सरकले. आई तर म्हणाल्या, "आवाज किती साफ येऊन राहिला."

मग मी बोलले. पहिल्यांदाच एवढ्या मोठ्याने बोलले असेन या घरात.

"भरा फी. हो येऊ द्या, नाही येऊ द्या, पण पंधरा दिवसांत येऊ द्या. आणि बाबा, मी तुमच्या डाव्या हाताला बसून राहिली."