जनाकाकूच्या हातचा भरता

मंदाबाईनं एकदा मनावर घेतलं की घरातल्यांनी आपापलं आवरून बाजूला उभं राहावं, हे बरं. त्या दिवशी अंगणात गोवऱ्यांचा आर फुलला होता आणि टोपलंभर आलू त्यात भाजत होते. नवरा ईश्वर म्हणाला, "अवं, कुकरात उकडून घे ना. लवकर होईल." मंदाबाईनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो निमूट आपला छोटा हत्ती टेम्पो पुसायला निघून गेला.

कारणही तसंच होतं. त्यांचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि माणसं तीन ठिकाणी वसली. लग्नाकार्यात भेटी व्हायच्या, पण अख्खं गाव त्यानंतर एका पंगतीला कधी बसलंच नाही. आज बसणार होतं, पाण्याच्या काठावरच्या आंब्यांखाली! जुन्या गावात पंगत म्हटली की जनाकाकूचा आलूचा भरता ठरलेला. काकू आता नाही. पण तिचे म्हातारे यजमान केशवराव येणार होते. त्यांनी एक घास खाऊन "हा जनीच्याच हातचा" म्हणावं, एवढं एकच मंदाबाईला हवं होतं. काकूच्या पंगतीचे आलू भाजायला तर मंदाबाईच असायची! तो भरता आपल्याइतका दुसऱ्या कोणाला येणार, अशी तिची पक्की खात्री होती.

हात पोळत होते, तरी तिनं आलू गरम असतानाच रगडले आणि मोठ्या पितळी गंजात भरले. वाफेचं पाणी पडून भरता चिकट होऊ नये म्हणून झाकणाखाली कोरडं फडकं घातलं. ऊब राहावी म्हणून गाडीत धानाचं तणस पसरून त्यात गंज रोवला, आणि स्वतः त्याला मिठी मारून मागे बसली.

"समोर बस ना, लोकं हासून राहिले," ईश्वर म्हणाला.

"हासू द्या! तुमी गाडी हळू चालवा. भरता सांडला तं माह्या हातचं जेवण विसरा."

ईश्वर असा हळू निघाला की दोन सायकलवाले पुढे गेले. मंदाबाई मात्र आनंदानं अशी फुलली होती की रस्त्यातल्या अनोळखी माणसांनाही हात करत होती.

आंब्यांखाली उतरली आणि तिचा चेहराच पडला. तिथे आधीच दोन गंज येऊन बसले होते. एक चंद्रकलाचा, एक सुलोचनाबाईचा; दोघी जुन्या गावातल्याच, आता दुसरीकडे वसलेल्या. दोन्हींत आलूचा भरता! तिघींनाही गावाला चकित करायचं होतं, म्हणून तिघींनीही तोंडातून शब्द काढला नव्हता.

"काकूचं मिरची-लसूण मीच वाटत होती," चंद्रकला ठसक्यात म्हणाली.

"अन् जवसाच्या तेलाची फोडणी कोण देत होतं?" सुलोचनाबाईनं कंबरेवर हात ठेवले.

केशवरावांसमोर पत्रावळीवर तिन्ही भरते वाढले गेले. त्यांनी तिन्ही चाखले. "चांगले हायेत," ते म्हणाले, परक्या घरचं जेवण चांगलं म्हणतात तसं. रागारागात मंदाबाईनं त्या दोघींच्या गंजातलं बोटभर चाखलं. एकात झणझणीत ठेचा होता, दुसऱ्यात तेलाचा खमंगपणा. धूर कुठेच नव्हता. धूर तेवढा तिच्याच गंजात, आणि बाकी काहीच नाही.

"अगो बाई!" ती ओरडलीच. "काकूनं आपल्याले एकेकच काम देल्लं होतं. आपण तेवढंच घेऊन गेलो!"

कोणी काही बोलायच्या आत तिनं आपला जपून आणलेला गंज रिकाम्या कढईत पालथा केला. मागोमाग दुसरा, मग तिसरा. तिघी कोपरापर्यंत हात घालून रगडायला लागल्या, भांडत, हसत. मीठ बघायला मात्र कोणालाच सवड नव्हती. प्रत्येकीनं दुसरीची नजर चुकवून आपली मिठाची एक मूठ टाकली.

मंदाबाईनं स्वतः वाढलं. केशवरावांनी घास घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"मीठ जास्त झालं," ते म्हणाले. मग डोळे पुसत पत्रावळ पुढे सरकवली. "जनीचं नेहमीच होत होतं. वाढ अजून."