विहीणबाईंचा चखना

आमच्या विहीणबाई एका जागी बसून पोटभर जेवल्या, असं मी सेव्हिलमध्ये एकदाही पाहिलं नाही. त्या उभ्याने खायच्या, चालता चालता खायच्या, एका दुकानात एक घास आणि पुढच्या दुकानात दुसरा. मानेला जरासा झोका द्यायच्या, घास गालात फिरवायच्या आणि गिळल्यावर क्षणभर डोळे मिटून घ्यायच्या. मला वाटायचं, बाई चव घेतेय. एखाद्याला आपण फार रसिक समजतो आणि तो बिचारा नुसता जीव मुठीत धरून गिळत असतो, हे कळायला मला वेळ लागला.

विहीणबाई म्हणजे माझ्या जावयाची, अमोलची आई. राहणार अल्लीपूर. घरची वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर भल्या पहाटे तोडून हिंगणघाटच्या बाजारात नेऊन विकणारी बाई. मी नालवाडीची, किराणा दुकानदाराच्या घरची, त्यामुळे स्वतःला शहराची समजणारी. आमची मुलं लग्नानंतर नोकरीपायी स्पेनमधल्या सेव्हिल गावी गेली, आणि लेकीचं बाळंतपण आलं तेव्हा आम्ही दोघी एकाच विमानात बसून तिकडे पोचलो. तेव्हा मी तरुण होते. म्हणजे एकोणसाठ वर्षांची. त्या वयात बाईला वाटतं की आपल्याला आता सगळं कळतं. माझ्याइतकी मूर्ख तरुणी साऱ्या वर्धा जिल्ह्यात नव्हती.

पल्लवी, माझी लेक, दिवस भरत आल्यामुळे घरात पडून असायची. ती आम्हाला संध्याकाळी बाहेर हाकलायची. "जा, तापास खाऊन या," म्हणायची. तापास म्हणजे बशीभर नाही, बशीच्या पिल्लाभर काहीतरी. लोक दुकानोदुकानी हिंडत ते खातात आणि बरोबर दारू पितात. पहिल्याच दुकानात बाटल्यांच्या रांगा पाहून मी पदर डोक्यावरून नाकापर्यंत ओढला.

"इहीनबाई, हे तं दारूचं दुकान होय! नालवाडीचं कोणी पाह्यलं तं?"

"नालवाडीची बस इथवर येते काय?" त्या म्हणाल्या. मग काउंटरवरची ती इवलीशी बशी बोटानं फिरवून पाहिली. "चखना होय वो हा. आमच्या घरचे बुवा शेंगदाण्यावर भागवत, इथले लोक नीट करून खातात. एवढाच काय तो फरक."

तेव्हापासून आमच्या बोलण्यात तापास गेलं आणि चखना आला.

कुठं खावं हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं. भाषेचा एक शब्द येत नव्हता, पण बाजारात आयुष्य गेलेलं. ज्या दुकानाबाहेर पदार्थांचे रंगीत फोटो लावलेत आणि एक पोरगा हात धरून आत बोलावतोय, तिथं त्या पाऊल टाकत नसत. "ज्याचा माल उठते, तो वरडत नाई." जिथं म्हातारे काउंटरला कोपर टेकून उभे आहेत आणि खाली जमिनीवर कागदी रुमालांचा कचरा पडलाय, तिथं शिरायचं. आणि एका दुकानात एकच बशी. "दुसरी मागतली का त्याचं तेल कळते. काऊन उगाच त्याची अब्रू काढा?" या हिशेबानं त्यांनी मला तिथल्या मोठ्या चर्चच्या मागच्या गल्ल्या दाखवल्या, पूल ओलांडून त्रियाना नावाच्या मोहल्ल्यात नेलं, तिथल्या भाजीबाजारात वांगी दाबून पाहिली आणि वांगीवालीला नापसंती खुणेनं कळवली. ती बाई हसली. बाजारातल्या बायका एकमेकींना ओळखतात.

मी शाकाहारी, आणि तिथं प्रत्येक बशीवर डुकराच्या मांसाची चकती. विहीणबाई काउंटरवर वाकून, बशीकडे बोट करून, अगदी गंभीर चेहऱ्यानं डुकरासारखा आवाज काढायच्या. दुकानदारही तितक्याच गंभीरपणे तसाच आवाज काढून मान डोलवायचा. मग बशी परत. पुलापलीकडच्या दुकानातला एक टकल्या म्हातारा तर आम्ही दिसलो की आधी आवाज काढायचा, मग नमस्कार करायचा. त्याच्याकडे पालक आणि हरभरे शिजवून एकजीव केलेली भाजी मिळायची. "आपल्याच घरची भाजी हाय, जिरं तेवढं जास्त," विहीणबाई म्हणाल्या. ती भाजी त्यांची लाडकी झाली. मऊ होती ना.

तर आता माझं ऐका. याच बाईंनी लग्नाच्या वेळी, सगळ्या पंगतीसमोर, अख्खा आलूबोंडा एका दमात तोंडात टाकला होता आणि वरून हिरवी मिरची. मी तेव्हा माझ्या बहिणीला कोपरखळी मारली होती. आणि इथं तीच बाई पावाचा कण चिमटीत धरून रश्शात बुडवतेय, हसताना तोंडावर हात धरतेय! मला वाटलं, विमानातून उतरताना बाईला वळण लागलं. मग मी कशी मागं राहीन? मीही चिमणीसारखं टिपू लागले. मीही पदराचं टोक ओठांशी धरून हसू लागले. त्या दिवसांतले आमचे फोटो पाहिले तर वाटतं, दाताच्या दवाखान्याबाहेर दोन पेशंट बसलेत. फरक इतकाच, की मी घरी आल्यावर स्वयंपाकघरात जाऊन हातभर लांब पाव गपागप खायची. त्या काही खायच्या नाहीत.

एकदा बटाट्याच्या फोडी आल्या, वर लालसर चटणी. तिखट म्हणजे किती, तर पाळण्यातल्या पोराला चाटवावी इतकी. विहीणबाईंनी एक फोड जिभेवर ठेवली आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तोंड लाल झालं, हात काउंटरच्या कडेला घट्ट. टकल्या म्हातारा पाणी घेऊन धावला.

"काय झालं वो?"

"इथली मिरची येगळी हाय," त्या पाणी पिऊन म्हणाल्या.

मी ती सगळी बशी संपवली. मला काही लागलं नाही. अल्लीपूरच्या बाईला ज्या चटणीनं रडू येतं, ती नालवाडीच्या बाईला फिकी कशी लागते, हा साधा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही. उलट मान ताठ झाली. मी जिंकले होते ना!

जेवणं झाली की मायलेक गॅलरीत उभे राहायचे. बाई कमरेची पिशवी सोडायच्या, त्यातून प्लॅस्टिकच्या तुकड्यात गुंडाळलेला खर्रा निघायचा. सुपारी, तंबाखू आणि चुना असं घोटलेलं मिश्रण, आपल्याकडे चौकाचौकातल्या ठेल्यावर मिळतं तेच. बाजारात सकाळभर उपाशी बसायचं तर तेवढाच आधार, असं त्या म्हणत. ती पुडी त्या तळहातावर चोळायच्या आणि चिमूटभर लेकाच्या हातावर ठेवायच्या. अमोल खाली रस्त्याकडे पाहत गाल फुगवून उभा. काचेतून पाहून मला गहिवरून यायचं. पल्लवीला म्हटलंसुद्धा, "पाय, मायलेकाचं प्रेम कसं असते."

आणि सकाळची ती आरशापुढची गोष्ट. न्हाणीघराचं दार नीट लागत नसे. विहीणबाई आरशासमोर उभ्या राहून उजव्या हाताची बोटं एकावर एक उभी धरून दातांत घालून पाहायच्या. आधी तीन. मग एक काढून पुन्हा. मला वाटलं, काहीतरी योगासन आहे. विचारायची लाज वाटली म्हणून मी माझ्या खोलीत करून पाहिलं. माझी तीन बोटं आरामात आत गेली, चौथंही गेलं असतं. म्हटलं, चला, हेही आपल्याला जमतं. आणि दिवसभर खूश होते.

अमोल म्हणायचा, "आई, वजन कमी झालं तुझं, डॉक्टरला दाखवू." त्यावर त्यांचं एकच उत्तर. "लेकरू होऊ दे, मंग पाहू." पल्लवीनं परतीचं तिकीट विचारलं तरी, "लेकरू होऊ दे, मंग." मी मनात म्हणायची, बाईला बाळाच्या नावानं काहीतरी मोठा मानपान हवाय. मी तर पैठणी काढून ठेवली होती, ऐन वेळी कमी पडायला नको.

लेकरू झालं. मुलगी. विहीणबाईंनी तिला हातात घेतलं तेव्हा ती जांभई देत होती. केवढं ते तोंड उघडलेलं! त्या तिच्याकडे पाहतच राहिल्या. म्हणाल्या, "कसं उघडते पाय."

बारसं घरातच केलं. मोबाईल टेबलावर उभा करून वर्ध्याची आणि अल्लीपूरची सगळी मंडळी त्यात दाटीवाटीनं बसली होती. नाव ठेवून झालं आणि आपल्याकडच्या रीतीप्रमाणे विहिणींनी एकमेकींना घास भरवायची वेळ आली. मी बाळंतिणीसाठी केलेला डिंकाचा लाडू उचलला. माझ्या हातचा लाडू म्हणजे लिंबू नाही, मोसंबी. पलीकडून सगळे ओरडताहेत, "अख्खा भरवजा वो, अख्खा!"

"आ करा, इहीनबाई."

त्यांनी मान हलवली. रीतच आहे, पहिल्यांदा नाही म्हणायचं आणि आपण सोडायचं नाही. आपल्याकडे नको म्हणणाऱ्याला दुप्पट वाढतात. मी लाडू पुढं केला. त्यांनी हात धरला. मी दुसऱ्या हातानं त्यांचा खांदा धरला, हसत हसत लाडू ओठांवर टेकवला आणि दाबला. ओठ बाजूला झाले, दात मात्र तिथंच. लाडू फुटला. चुरा त्यांच्या हनुवटीवरून नव्या पैठणीवर, पैठणीवरून पाळण्यात. मोबाईलमध्ये कोणीतरी हसत होतं, ते थांबलं.

विहीणबाईंनी पदरावरचा खोबऱ्याचा एक कण चिमटीत उचलला आणि माझ्या तोंडात ठेवला. "रीत झाली," त्या म्हणाल्या. "आता माह्या तोंडाले चखनाच जाते, इहीनबाई. पंगत नाई जात."

अमोलनं मोबाईल पालथा घातला. "आई, आ कर." त्यांनी केला. त्यांची दोन बोटंसुद्धा आत जात नव्हती. गालाच्या आत पांढरं पडलेलं, आणि मागं एक जखम, तिथं त्या कितीतरी दिवस जीभ लागू देत नव्हत्या.

"काऊन सांगतलं नाई?" मी विचारलं.

"सांगतलं असतं तं येऊ दिलं असतं काय? आपल्याकडं पाहुणी दोन घास खाऊन उठली का सारं घर मागं लागते. इथं कोणी म्हणत नाई, अजून घ्या. सारं दुकानच दोन घासाचं. मले लई बरं वाटलं इथं."

आम्ही दोघी परत आलो. वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात त्यांचं ऑपरेशन झालं. जबड्याची एक बाजू गेली, नाकातून नळी आली. अमोल येऊन-जाऊन होता. मी नालवाडीहून ऑटोनं रोज जायची. पहिल्या दिवशी डब्यात मुगाचं पाणी नेलं, तर त्यांनी डबा बाजूला सारला आणि फडकं धरलेल्या तोंडातून काहीतरी बोलल्या. नर्सला कळेना. मला कळलं. मी वाटेत काय खाल्लं, ते त्यांना ऐकायचं होतं.

मग रोज माझं तेच काम. वाटेवर उभ्यानं एका ठिकाणी एकच प्लेट. आज तर्री-पोहे, उद्या सांबारवडी, परवा आलूबोंडा. मग खाटेशी बसून त्याचं वर्णन. त्या डोळे मिटून ऐकायच्या आणि मध्येच बोट वर करायच्या. म्हणजे प्रश्न आहे. तेल कोणतं? म्हातारे उभे होते काय? एकदा मी थाप मारली, खाल्लंच नव्हतं त्या दिवशी. त्यांनी एक डोळा उघडून माझ्याकडे असं पाहिलं की मी निमूट उठून खाली गेले आणि खाऊन आले. तूर फुलावर आली तेव्हा बोट वर होणं थांबलं. मी तरी सांगत राहिले. शेवटच्या दिवशी पुलापलीकडच्या पालक-हरभऱ्याचं सांगितलं, टकल्या म्हाताऱ्यासकट, डुकराच्या आवाजासकट. वॉर्डातल्या बायका माझ्याकडे पाहायला लागल्या. खाटेवरचा चेहरा मात्र हलला नाही.

तेव्हापासून मी नातेवाइकांत वेडी म्हणून प्रसिद्ध आहे. घरी पाहुणा आला की पाण्याच्या आधी म्हणते, "आ करा, बोटं घालून दाखवा." पुतणे मला पाहून खिशातल्या खर्र्याच्या पुड्या चाचपतात. करोत. लग्नाच्या पंगतीत कोण घास लहान करतो, कोणाला वरण तिखट लागतं, तेवढंच मी पाहत असते. माझं जेवण थंड होतं.

या हिवाळ्यात पुन्हा सेव्हिलला गेले. नात आता बडबड करते. एका संध्याकाळी आम्ही सगळे पूल ओलांडून त्याच दुकानात गेलो. टकल्या म्हाताऱ्यानं मला ओळखलं. आवाज काढला, नमस्कार केला, मग माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहून तोंडावर हात धरला, विहीणबाई हसताना धरायच्या तसा. मी मान हलवली. पालक-हरभऱ्याच्या बशीशेजारी त्यानं आणखी एक बशी आणून ठेवली, लाल चटणीच्या बटाट्यांची.

पल्लवीनं खाल्ली, नातीनं खाल्ली. अमोलनं बशी हळूच पुढं सरकवली. "तिखट आहे," म्हणाला. मग पावाचा कण चिमटीत धरला आणि रश्शात बुडवला. मानेला जरासा झोका दिला.

मी काटा खाली ठेवला.

"जावईबापू, ते खर्र्याचं सोडलं होतं ना तुम्ही? आईच्या वेळी?"

"सोडलंच आहे, आई. कधीतरी, चिमूटभर."

"आ करा."

तो हसला. हसताना त्याचा हात आपोआप तोंडावर गेला. नातीला वाटलं, आजीचा नेहमीचा खेळ सुरू झाला. ती स्टुलावर उभी राहिली, स्वतःचं तोंड टाळू दिसेपर्यंत उघडलं, इवली तीन बोटं त्यात घातली आणि बापाकडे वळली. "बाबा, आता तू!"

अमोलनं तोंडावरचा हात काढला नाही.