दोन बोटं खाली

आमच्या घरात हिरवा रंग फार. बादलीची कडी हिरवी, कूलरचा स्टँड हिरवा, गॅसची ट्रॉली हिरवी, तुळशीजवळचं स्टूलही हिरवं. बाबा जन्मभर फॅक्टरीत होते, आणि जबलपुरात फॅक्टरी म्हटलं की कोणती, हे कोणी विचारत नाही; लष्करी सामानाचीच. लोखंड दिसलं की त्याला लष्करी हिरवा रंग फासायचा, ही त्यांची खोड रिटायर झाल्यावरही गेली नाही. मी एकदा वैतागून म्हटलं, "बाबा, मी एका जागी जरा जास्त उभी राहिले तर मलाही रंगवाल." ते म्हणाले, "तू कुठं गंजतेस? काहून रंगवू?"

माझा धाकटा भाऊ नोकरीला लागला तेव्हा त्यानं घरच्या गाडीला बाहेरून मागवलेल्या बुटक्या स्प्रिंगा बसवल्या. शॉकर होते तेच ठेवले, फक्त स्प्रिंगा बदलल्या, आणि आमची उंच गाडी दोन बोटं खाली आली. दोन बोटांसाठी एवढा खटाटोप कशाला, असं मी विचारलं तर म्हणाला, "ताई, एकदा बसून तर बघ."

बसले, आणि मला ती गाडी फार म्हणजे फारच आवडली. रविवारी पहाटे तो मला ग्वारीघाटावर न्यायचा. रस्ता रिकामा, समोर नर्मदेवरून उठलेलं धुकं, आणि गाडी जमिनीला अगदी लागून चाललेली. वळणावर ती जराही कलायची नाही. मी डोळे मिटून घ्यायची. रस्ता संपून नदी कधीच लागली आणि आपण तिच्यावरूनच चाललोय, असं वाटायचं. घाट आला तरी मी उतरायचं नाव काढायची नाही.

बाबांना मात्र ती डोळ्यांसमोर नको असायची. कॉलनीच्या स्पीडब्रेकरवर ती खालून घासायची, खर्रर्र. तो आवाज आला की व्हरांड्यातून बाबांचा आवाज निघायचा, "गाडी आहे का चप्पल? घासत घासत येऊन राहिली!" एका संध्याकाळी शब्दाला शब्द वाढला. बाबा म्हणाले, "घासणारी गाडी माझ्या दारात नको." भावानं दुसऱ्याच दिवशी ओमती भागातल्या गॅरेजात जाऊन मूळच्या स्प्रिंगा परत चढवल्या, बुटक्या स्प्रिंगा मागच्या अंगणात आणून टाकल्या, आणि थोड्याच दिवसांत बेंगळुरूची नोकरी धरली. आईच्या वर्षश्राद्धाला आला, तो शेवटचा. त्यानंतर फोन. माझ्याशी तासभर बोलायचा. बाबांच्या हातात फोन दिला की "बरा आहेस?" "बरा आहे." "अच्छा." एवढं झालं की फोन परत माझ्याकडे.

मागच्या वर्षी बाबा न्हाणीघरात पडले. पायाचं हाड जुळलं, पण गुडघा आखडला तो आखडलाच. पाय ठरावीक उंचीपर्यंत उचलला जातो, पुढे नाही. गाडीचं दार उघडून ते पाय उचलत आणि बूट दाराच्या कडेला अडकत असे. शेजारच्या भैयांनी त्यांना एकदा काखेत धरून आत ठेवलं. तेव्हापासून बाबांनी गाडीचं नावच टाकलं. "मी काय गव्हाचं पोतं आहे?" म्हणाले. दवाखान्यात जायचं म्हटलं तरी डॉक्टरांना घरी बोलवा म्हणू लागले.

अशात भावाचा फोन आला, दिवाळीला येतोय. मी आनंदानं ओरडलेच. बाबा म्हणाले, "स्टेशनवर मी जाईन."

"कसे जाल?"

"माझ्या पायानं चढून. त्यानं मला पोत्यासारखं पाहू नये. आणि मी घरीच बसलो तर त्याला वाटेल, बाप अजून रुसून बसलाय."

या माणसानं मला कधी स्वतःसाठी चहाचा दुसरा कप मागितला नव्हता. मला काय वाटलं ते मलाच नीट सांगता येणार नाही. पण त्यांना स्टेशनवर न्यायचं, हे मी ठरवून टाकलं.

मी अंगणात गाडी उभी केली, त्यांना पाय उचलायला लावला आणि स्वतः उकिडवी बसून पाहिलं. बुटाचा तळ आणि दाराची कड यांत दोन बोटांचा फरक होता. मी तशीच बसून राहिले. आणि एकदम आठवलं.

"बाबा, त्या स्प्रिंगा भंगारात दिल्या ना?"

बाबांनी तुळशीकडे पाहिलं. "लोखंड कोणी टाकतं का," म्हणाले. "पेटीत आहेत."

मागच्या पेटीत गोणपाटात गुंडाळलेल्या त्या चारही निघाल्या. हिरव्यागार. मी कपाळावर हात मारला.

ओमतीच्या मेकॅनिक भैयांनी त्या उलटसुलट करून पाहिल्या. तडा नाही, गंज नाही. पण मान हलवली. "दीदी, कंपनी के शॉकर पे छोटी स्प्रिंग? चल तो जाएगी, पर शॉकर जल्दी बैठेंगे." लांब स्प्रिंगेसाठी केलेला शॉकर बुटक्या स्प्रिंगेवर कायम थोडा दबलेलाच राहतो आणि लवकर थकतो, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, "थकू द्या. सध्या माझ्या घरात त्याच्याआधी थकलेलं माणूस आहे." त्यांनी बहुतेक वेडी समजून कामाला सुरुवात केली.

संध्याकाळी गाडी घ्यायला गेले तर पुढून ठीक, मागून वाकडी. चार पावलं चालवली तर मागून टक टक टक. भैयांनी गाडी पुन्हा जॅकवर घेतली. पुढच्या स्प्रिंगा एकाच बाजूनं बसतात, तिथं चुकायची सोयच नाही. मागच्या मात्र उलट्याही बसतात. म्हणून त्यांच्यावर अक्षरं छापलेली असतात; अक्षरं सुलटी दिसली की स्प्रिंग सुलटी. "लेकिन आपके यहाँ तो सब हरा ही हरा है," ते म्हणाले. मागच्या दोन्ही काढून पिशवीत घातल्या आणि ऑटो करून मी तणतणत घरी आले.

"अख्ख्या जगात स्प्रिंगेला कोणी ऑइलपेंट मारतं का हो? वर कुठं, खाली कुठं, काही कळून नाही राहिलं! अशानं जाल का स्टेशनवर?"

बाबांनी पिशवी आपल्याकडे ओढून घेतली. सकाळी ते हिरव्या स्टुलावर बसले, एक स्प्रिंग मांडीवर घेतली आणि पटाशीनं हलक्या हातानं रंग खरवडू लागले. दुसरी मी घेतली. ऊन कोवळं होतं, कोणाच्या तरी घरी चिवड्याची फोडणी पडली होती, आणि हिरवे कपचे आमच्या पायाशी पडत होते. एक थर निघाला. खाली लाल. मला वाटलं प्रायमर असेल. पुन्हा हिरवं, त्याखाली पुन्हा लाल. ते लाल बोटाला लागलं, तेव्हा मी वास घेऊन पाहिला. कुंकू होतं.

दर खंडेनवमीला बाबा आपली हत्यारं पुजतात. पाने, हातोड्या, कानस, सगळं पाटावर ओळीनं. मीच फुलं आणि नैवेद्य नेऊन ठेवते. ओळीच्या शेवटी गोणपाटावर काहीतरी हिरवं लोखंड असायचं. आमच्या घरात हिरव्या लोखंडाची चौकशी कोण करणार? पूजा झाली की बाबा सगळ्यावर रंगाचा एक हात फिरवायचे, कुंकवासकट.

"दरवर्षी?" मी विचारलं.

"त्याची हत्यारं ना ती," बाबा खरवडता खरवडता म्हणाले. "तो नाही, तर हत्यारं तरी पुजावी की नाही?"

मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो. "मग हे त्याला सांगायला काय झालं होतं? दर रविवारी फोन असतो!"

"फोनवर असलं सांगतात का, बेटा?"

आम्ही खरवडत राहिलो. उन्हं तुळशीवरून सरकून भिंतीवर गेली. शेवटी बाबांच्या स्प्रिंगेवर बारीक पांढरी अक्षरं दिसू लागली, आणि थोड्या वेळानं माझ्याही.

त्या संध्याकाळी गाडी सरळ उभी राहिली. बाबांनी दाराला धरलं, पाय उचलला. बुटाचा तळ कडेच्या रबराला पुसटसा लागला आणि आत गेला. ते बसले, काठी आत घेतली, आणि मला म्हणाले, "बघत काय राहिलीस? चल." कुठं, हे मी विचारलं नाही. इथल्याच गोरखपूर मोहल्ल्याच्या बाजारातून, मग सराफ्याच्या दिव्यांजवळून आम्ही सावकाश फिरलो. गाडी तशीच, रस्त्याला लागून. दिवे काचेवरून वाहत होते, माणसं त्यांच्यात विरघळत होती, आणि बाबा लहान मुलासारखे काचेला टेकून बघत होते. मधेच खोव्याची जलेबी खाल्ली. दोघांची बोटं चिकट झाली.

भावाची ट्रेन सकाळी आली. धुक्यातून बॅग ओढत तो बाहेर आला, आणि त्याची नजर आधी आमच्या गाडीच्या चाकांवर गेली, मग पुढच्या सीटवर बसलेल्या बाबांवर. तो चाकाशी उकिडवा बसला आणि टायरच्या वरच्या फटीत बोटं घालून पाहिली. तिथंच बसून राहिला. मी त्याला कुंकवाचं सांगणार होते, पण त्याआधी बाबांनी काच खाली केली.

"तू चालव," बाबा म्हणाले.

त्यानं चालवली. कॉलनीचा स्पीडब्रेकर दिसला तसा त्यानं वेग अगदी कमी केला, गाडी तिरकी घेतली, एकेक चाक जपून चढवलं. तरी खालून आवाज आलाच, खर्रर्र. भावानं खांदे आवळून घेतले आणि चोरून बाबांकडे पाहिलं.

बाबा समोर बघत होते. "घासू दे रे," म्हणाले, "घासू दे."