एक जूनचा फोन

"वाढदिवसाच्या शुभेच्छा. रिपोर्ट बघितलास का?"

दर एक जूनला सकाळी मी दुकानाचं शटर वर करत असतानाच बाईंचा फोन यायचा, आणि त्यात ही दोनच वाक्यं असायची. आभार मानावेत की रिपोर्टचं उत्तर द्यावं हे ठरेपर्यंत फोन बंद झालेला असे. बाईंना पुढचे फोन करायचे असत. आमच्या वाडीवरच्या शाळेत त्यांच्या हाताखालून गेलेल्या बहुतेक सगळ्यांचा वाढदिवस एक जूनलाच येतो.

तुम्ही खेड्यातल्या शाळेत शिकला असाल तर याचं नवल वाटणार नाही. कदाचित तुमचाही त्याच दिवशी येत असेल. लोणी भापकरच्या पलीकडची आमची वाडी. पोरगं कधी झालं विचारलं, की आई सांगायची, "मेंढरं कोकणातनं माघारी आल्ती तवा." बाई पोराला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावायच्या. बोटं कानाला पोचली की पोरगं सहा वर्षांचं झालं. मग वर्षं मागं मोजायची आणि तारखेच्या जागी एक जून लिहायचं. बाईंची ती पहिलीच नोकरी, वय जेमतेम विशीचं. आधीचे गुरुजी तसंच लिहीत आले होते, म्हणून बाईंनीही लिहिलं.

आमच्या वर्गात दोन मारुती होते. आज्याचं नाव नातवाला ठेवायची रीत असल्यामुळं भावकीत पिढ्यान्‌पिढ्या मारुती आणि नामदेव यांचाच सुकाळ. त्यामुळं दोघंही मारुती नामदेव, आडनाव एक, वाडी एक आणि बाईंच्या कृपेनं जन्मतारीखही एक. बाईंनी त्यांना बसायच्या जागेवरून ओळखायचं ठरवलं. एक खिडकीजवळचा आणि एक दाराजवळचा. खिडकीजवळचा गरीब स्वभावाचा, बाहेर बघत बसायचा. दाराजवळचा दाराजवळ का बसायचा ते तुमच्या ध्यानात आलंच असेल.

निवृत्तीनंतर बाई इंदापूरला लेकाकडं राहायला आल्या. तहसील कचेरीजवळ माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन कामांचं दुकान आहे. त्याच्या मागच्याच गल्लीत त्यांचं घर. अकराच्या सुमाराला त्या पेपर वाचायला यायच्या, अर्थात माझा. गिऱ्हाइकांनी गर्दी केली की चष्म्यावरून नुसतं बघायच्या आणि केस पांढरे झालेली माणसं गुमान रांग धरायची. मला त्यांचा थोडा जाच व्हायचा, हेही सांगून टाकतो. पण एखाद्या दिवशी त्या आल्या नाहीत तर माझं लक्ष सारखं रस्त्याकडं जायचं.

अशाच एका सकाळी खिडकीजवळचा मारुती दुकानात आला. मागं त्याची लेक उभी होती. तिला पुण्यात नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, शैक्षणिक कर्जासाठी बापाची सही लागत होती आणि बँकेनं बापाचं नाव बघून फाइल परत केली होती.

"बाई, बँकवालं म्हणत्यात माझ्या नावावर पिकअपचं कर्ज थकलंय," तो म्हणाला. "मला सायकलीबिगर काय चालवाया येत न्हाय."

फी भरायची मुदत महिन्याभरावर आली होती. ती चुकली तर जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती.

"रिपोर्ट काढ," बाई मला म्हणाल्या. कर्ज देणाऱ्या संस्था माणसाची जी कुंडली ठेवतात, ती वर्षातून एकदा फुकट बघता येते, हे बाईंनी माझ्याच पेपरात वाचलेलं होतं. मी रिपोर्ट छापून दिला. मी थेट थकबाकीच्या आकड्यावर बोट ठेवलं. बाईंनी ते बोट बाजूला केलं.

"आधी कर्ज बघायचं नाही. आधी आपलं नाव, पत्ता, फोन बघायचा. माणूसच आपला नसेल तर कर्ज आपलं कुठून असणार?"

पेनाच्या मागच्या टोकानं त्या एकेक ओळ वाचत गेल्या. दोन पत्ते होते. एक वाडीचा, दुसरा इंदापूरचा. फोन नंबरही दोन. पेन दुसऱ्या नंबरावर थांबलं.

"दाराजवळचा कुठं असतो आता?" त्यांनी विचारलं.

मारुतीनं मान खाली घातली. त्यालाही संशय आला होता, पण भावकीतल्या माणसाचं नाव कोण घेणार?

आम्ही ऑनलाइन तक्रार नोंदवली. हे कर्ज माझं नाही, दुसऱ्याचं चुकून माझ्या नावावर आलं आहे, एवढंच लिहिलं. मुदतीला आठवडा उरला असताना उत्तर आलं. कर्ज देणाऱ्या बँकेनं नोंद बरोबर असल्याचं कळवलं होतं. कर्ज जुनं, त्याला पॅन नंबर जोडलेला नव्हता, पण नाव, वडिलांचं नाव, गाव आणि जन्मतारीख सगळं जुळत होतं.

बाईंनी ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"जुळणारच," त्या म्हणाल्या. "मीच जुळवलंय."

मी त्यांना समजावू लागलो, की तेव्हा सगळेच तसं लिहायचे. बाईंनी माझ्याकडं लक्ष दिलं नाही. पायात चपला सरकवल्या आणि म्हणाल्या, "गाडी काढ."

दाराजवळच्याचं सोलापूर हायवेला पंक्चरचं दुकान होतं. बाईंना बघून तो आधी दुकानाच्या मागं गेला. सवयीनंच गेला असावा. बाई एका टायरवर टेकून बसल्या. थोड्या वेळानं तो हात पुसत पुढं आला.

"बाई, तुमी हितं?"

"दाराजवळ बसलेय. तू आत ये."

तो समोर येऊन उकिडवा बसला. बाईंनी खिडकीजवळच्याच्या लेकीचं सगळं सांगितलं. तो टायरवरची माती नखानं काढत राहिला.

"कर्ज माझंच हाय बाई," तो शेवटी म्हणाला. "गाडी पलटी झाली, मग हप्तं गेलं न्हायत. नंबर बदलला, बँकेचा फोन यायचा थांबला. मला वाटलं, मिटलं. त्याच्या डोक्यावर बसलंय हे खरंच ठावं नव्हतं. पर आता मी बँकेत गेलो तर मला धरत्याल."

"धरतील," बाई म्हणाल्या. "मी बरोबर असेन. नाव तुम्हाला तुमच्या घरच्यांनी दिलं, तारीख मात्र मी दिली. निम्मी चूक माझी आहे, म्हणून निम्म्या रस्त्यात मी आले. उरलेला तुला यायचंय."

दुसऱ्या दिवशी पिकअपचं कर्ज देणारी बँक उघडायच्या आधी तो तिच्या दारात उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून. मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदाच तो वेळेवर आला.

कर्जखात्यातला साहेब तरुण होता आणि भला होता. बाईंनी दोघांना त्याच्या टेबलासमोर शेजारी शेजारी उभं केलं.

"हा खिडकीजवळचा, हा दाराजवळचा," त्या म्हणाल्या. "कर्ज दाराजवळच्याचं आहे."

साहेबानं गोंधळून आधी खिडकीकडं पाहिलं, मग दाराकडं. पण दाराजवळच्यानं स्वतःच पॅन कार्ड पुढं केलं आणि "माझं कर्ज मला द्या" म्हणाला. बँकेत असं मागणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. साहेबानं जबाब लिहून घेतला, थकलेल्या रकमेचे लहान हप्ते बांधून दिले. कर्ज खिडकीजवळच्या मारुतीचं नाही असं पत्र त्यानं लगेच दिलं. रिपोर्ट दुरुस्त व्हायला पुढं वेळ लागला, पण त्या पत्रावर पोरीचं कर्ज झालं आणि फी मुदतीत गेली. जबाबावर साक्षीदार म्हणून बाईंनी सही केली. पाटीवर करायच्या तसलीच, मोठ्या अक्षरात.

बाहेर येताना खिडकीजवळचा डोळे पुसत होता. दाराजवळचा त्याला म्हणाला, "रडतो कशाला? तुझं काय थकलं न्हाय आता." बाईंना पुढचं काम सुचलं होतं. त्यांनी मला जुन्या विद्यार्थ्यांचे फोन नंबर गोळा करायला लावले, आणि त्या वर्षापासून एक जूनचे फोन सुरू झाले. आपल्या हातून झालेली चूक पुसता येत नाही, तर निदान दरवर्षी तिच्यावर लक्ष ठेवावं, असं त्यांचं म्हणणं असावं. चूक कबूल करून गप्प बसणारे मी पुष्कळ पाहिले. तिची अशी राखण करणाऱ्या फक्त बाई.

या थंडीत बाई गेल्या. पेपर मी अजून घेतो, पण अकराला तो कुणी हातातून ओढत नाही.

एक जून आला. सकाळी शटर अर्धं वर केलं आणि तसाच थांबलो. फोन येणार नाही हे माहीत होतं, तरी खिशावर हात गेला. शटर पूर्ण वर केलं, झाडू घेतला, आणि फोन वाजला. नंबर न बघताच उचलला. मागं ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते.

"वाढदिवसाच्या शुभेच्छा," पलीकडचा आवाज म्हणाला. "रिपोर्ट बघितला का?"

मी झाडू भिंतीला टेकवला.

"आरं मी बोलतोय, दाराजवळचा. बघून ठिव. मला बाईंच्या यादीतल्या अजून लई जणांना फोन करायचं हायत."