मातीचा दोष

स्वातंत्र्याला चार-पाच वर्षं झाली असतील. बार्शीकडची मी आमगावजवळच्या एका खेड्यात सून म्हणून आले, तेव्हा धानाचं रोप कधी पाहिलंही नव्हतं. शाळा चौथीत सुटलेली. खरं तर नापास झाले होते, पण सगळ्यांना सांगायची, गुरुजीच धड शिकवत नव्हते. सांगून सांगून मलाही ते खरंच वाटायला लागलं होतं.

पहिल्या रोवणीला, म्हणजे धानाच्या लावणीला, मनात एकच धास्ती. परमुलखातली सून कामाची नाही, असं कुणी म्हणू नये. माहेर दोन दिवसांच्या वाटेवर. रुसून जायचीही सोय नव्हती. आमच्याकडे ज्वारीचं बी खोल ओलीत पडलं की माणूस निश्चिंत. म्हणून रोप तरंगू नये या भीतीनं मी एकेक रोप मनगटापर्यंत चिखलात दाबत गेले.

"काऊन वो, रोवून राहिली का गाडून राहिली?" जाऊ म्हणाली. बाया हसल्या. मी ऐकलं नाही.

महिन्याभरात सगळी बांधी, बांध घातलेलं ते धानाचं शेत, हिरवी झाली, माझ्या हातचा पट्टा तेवढा खुरटा, पिवळा. कुणी विचारायच्या आतच मी घरात म्हटलं, "तिथली मातीच खराब आहे."

जावेनं तोंडाला पदर लावला. सासरे जेवत होते. म्हणाले, "हो, तो तुकडा आधीपासूनच तसा आहे."

पुढच्या वर्षी त्यांनी मला तोच तुकडा दिला. रोपांच्या, तिकडच्या भाषेत पऱ्ह्यांच्या, पेंड्या टाकता टाकता म्हणाले, "औंदा पऱ्हे लहान आहेत बाई, बोटाची दोन पेरं खोल पुरे." मी तसं लावलं. पट्टा भरून आला.

"माती सुधरली," सासरे म्हणाले. मीही मान डोलावली.

तिसऱ्या वर्षी शेजारची नवी सून, गोंदिया शहरातली, माझ्या बाजूला रोवत होती. तिचा हात मनगटापर्यंत आत.

"इतकं खोल नको, फुटवे येत नाहीत," मी म्हणाले, आणि माझाच हात थांबला. मागच्या वर्षी पऱ्हे काही लहान नव्हते.

सासरे हातात रोपांची पेंडी घेऊन धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभे होते. मी जवळ गेले.

"मामाजी, त्या तुकड्याची माती चांगलीच होती."

"मले मालूम आहे."

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

"सांगतलं असतं तं दुसऱ्या साली तू बांधीत उतरली असती का?"

चौथीच्या वर्गात मी परत पाऊल ठेवलं नव्हतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. मी त्यांच्या हातातली पेंडी घेतली आणि चिखलात उतरले.