फायटरची पाठराखीण

कामरगावहून अनसिंगला नवरी होऊन आले तेव्हा माझ्या मांडीवर लोणच्याची काचेची बरणी होती आणि बरणीत माझा फायटर मासा होता. गर्द निळा, शेपटीच्या कडेला लाल, आणि स्वभावाने नावासारखाच. शेजारी पाठराखीण म्हणून आलेली मावशी खिडकीला डोकं टेकून घोरत होती. माझ्या मुंडावळ्या बरणीवर लोंबत होत्या आणि फायटर त्यांच्यावर गुरकावल्यासारखा धावून जात होता. रडायचं असतं म्हणून मी निघताना रडले, पण कारंज्याच्या अलीकडेच डोळे कोरडे झाले होते. मला कधी एकदा घर गाठते असं झालं होतं. त्याला कारण होतं.

बघण्याच्या कार्यक्रमात नवऱ्याने मला विचारलं होतं, "तुमाले काही विचारायचं हाय काय?" मी म्हटलं, "माझ्याकडे एक मासा आहे. तो सोबत येईल. चालेल?" तो हसला नाही. बरणीकडे नीट बघून म्हणाला, "चालते की. पन बरनीत काहून? मोठा टँक घेऊ त्याले." माझा होकार तिथेच झाला. शेती किती आणि नोकरी कुठे, हे माझ्या आईने नंतर विचारलं.

फायटर पाण्यावर येऊन हवेचा घोट घेतो, म्हणून तो कशातही जगतो असं लोक समजतात. दुकानदार तर त्याला पेल्यात घालून विकतात. जगतो म्हणजे सुखात असतो असं थोडंच! माहेरी दोन खोल्यांत आम्ही पाच माणसं, तिथे टँक मागायची सोयच नव्हती. त्यामुळे वाशिमच्या दुकानात दोन फुटांचा टँक बघितला तेव्हा मला अक्षरशः नाचावंसं वाटलं. येताना मोटारसायकलवर नवरा पुढे, मी मागे आणि मध्ये टँक. लग्नानंतरचं आमचं पहिलं फिरणं ते. रस्त्यात म्हशी आडव्या आल्या की तो ब्रेक मारी आणि मी काचेला मिठी मारी. वाटेतली माणसं वळून वळून बघत होती. बघेनात का!

घरी आल्यावर मी पदर खोचला. नदीची वाळू इतकी धुतली की सासरे म्हणाले, "सूनबाई, आता भात लावता काय तिचा?" बोअरचं पाणी बादल्यांत भरून ठेवलं. शाळेच्या आवारातून देशी बदामाची वाळकी पानं आणली, ती पाण्यात टाकली की फायटरला मानवतं. तळ्यातली हिरवी वनस्पती लावली. हवेवर चालणारा स्पंजाचा फिल्टर अगदी हळू ठेवला, कारण जोराचं पाणी या साहेबांना त्यांच्या लांब शेपटीमुळे झेपत नाही. वर झाकण, कारण साहेब उड्याही मारतात. आणि मग मी नुसती बसून राहिले. टँकमधलं पाणी लगेच वापरायचं नसतं, त्यात घाण पचवणारे जिवाणू वाढू द्यावे लागतात.

हे गावाला कसं सांगायचं? नवी सून बघायला बायका यायच्या, मला बघून झालं की टँक बघायच्या. "मासे कुठी हायेत वं?"

"अजून पानी मुरून राह्यलं," सासूबाई गंभीरपणे सांगायच्या, जसं काही कैरीचं लोणचं घातलं आहे. बदामाच्या पानांनी पाणी चहाच्या रंगाचं झालं, तेव्हा त्या तुरटी घेऊन आल्या होत्या. मी समजावल्यावर तुरटी परत गेली, पण त्यांची खात्री काही पटली नाही.

अखेर फायटर टँकमध्ये गेला. एवढी मोकळी जागा त्याने जन्मात बघितली नव्हती. आधी एका कोपऱ्यात थांबला, मग पानाखालून गेला, मग सगळी शेपटी पसरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. मी टाळ्या वाजवल्या. नवऱ्यानेही वाजवल्या. सासूबाई मात्र हनुवटीला बोट लावून उभ्या होत्या.

"एकटाच?"

"हो आई. तो एकटाच राहतो."

"असं कसं? नव्या घरी कोनी एकटं जाते काय? तुयासंगं मावशी आलती. याच्यासंगं कोन?"

झालं. त्या दिवसापासून घरात फायटरची पाठराखीण शोधणं सुरू झालं. मला मजाच वाटत होती, कारण मोठ्या टँकमध्ये दुसऱ्या जातीचे सोबती आणायचं माझ्याही मनात होतंच. फोनवर मासे दाखवत मी एकेक स्थळ नाकारत होते. दुसरा फायटर नको, एकाचा जीव जाईल. गोल्डफिश नको, भारी घाण करतो. शेपट्या कुरतडणारे नकोत, आणि लांब, रंगीत शेपटीचे तर मुळीच नकोत, कारण फायटर त्यांना दुसरा फायटरच समजतो. तळाशी वाळू चाळत फिरणारे कोरी नावाचे गरीब मासे मला हवे होते. दुकानदार अकोल्याहून मागवणार होता.

"अकोल्याहून कायले?" सासूबाई म्हणाल्या. "आपल्या टाक्यात हायेत ना गप्पी!"

अंगणातल्या सिमेंटच्या टाक्यात डासांच्या अळ्या खायला हिवतापवाल्यांनी गप्पी मासे सोडले होते. आता त्यांचं खानदान झालं होतं. नरांच्या शेपट्या पिवळ्या, केशरी, ठिपक्यांच्या. मी "बघू" म्हणाले. 'नाही' म्हणणार तरी कशी? आईने निघताना कानात सांगितलं होतं, "पहिलं वर्ष सासूले नाही म्हनू नको. मंग सारं सोपं जाते." मी अनसिंगला आल्यापासून वांग्याच्या भाजीला, जांभळ्या साडीला, सगळ्याला हो म्हणत आले होते.

मग आमच्याकडे हळदीकुंकू झालं. मी आत वाणाचं ताट लावत होते. बाहेर एकदम गलका झाला, "अगं बया! पाहा पाहा!" मी धावले. टँकचं झाकण उघडं, सासूबाईंच्या हातात रिकामा तांब्या. टाक्यातले सगळ्यांत देखणे नर निवडून त्यांनी टँकमध्ये सोडले होते. पाठराखीण शोभली पाहिजे ना! आणि माझा फायटर कल्ले फुगवून, शेपटी ताणून, आधी होता त्याच्या दुप्पट झाला होता.

"कसा फुलला पाहा! खुश होऊन राह्यला!" सासूबाईंचा चेहरा आनंदाने लाल झाला होता. बायका माना डोलावत होत्या. एकीने तर हळदीकुंकवाची बोटं काचेला लावली.

तो खूश झाला नव्हता. तो लढायला उभा राहिला होता. एका केशरी गप्पीच्या शेपटीची लक्तरं झालीच होती. मला भीती वाटली, माशांसाठी आणि तितकीच स्वतःसाठी. एवढ्या बायकांत सासूने हौसेने केलेली गोष्ट मोडायची, म्हणजे उद्या गावभर व्हायचं.

"नाही!" मी ओरडले. खरंच ओरडले. "आई, नाही! तो मारून टाकेल त्यांना!"

मी स्वयंपाकघरातून चहाची गाळणी आणली, काकणं वर सरकवली आणि सगळ्यांसमोर एकेक गप्पी उपसून पातेल्यात टाकला. शेवटचा हाती लागेपर्यंत बायकांनी चपला शोधायला सुरुवात केली होती. सासूबाई आत निघून गेल्या. ताटातलं वाण तसंच राहिलं.

रात्री मी दोनदा जेवायला बोलावलं, त्यांनी भूक नाही म्हटलं. माझं आता काही खरं नाही, असं मी धरूनच चालले होते. मग त्या येऊन पातेल्यापाशी बसल्या आणि फाटक्या शेपटीच्या गप्पीकडे बघत राहिल्या.

"हे त्यानं केलं?"

"हो."

"मंग तू आंधीच काहून नाही बोलली? गप्पी नको म्हनून?"

"माझ्या आईने सांगितलं होतं, सासूला नाही म्हणू नको."

त्यांनी पातेलं स्वतःकडे ओढलं. मग म्हणाल्या, "मले बी माया मायनं हेच सांगलं होतं. सासू कधीच गेली, तरी अजून पाळून राह्यली मी." आणि पातेलं उचलून गप्पी परत टाक्यात सोडायला गेल्या.

कोरी आणायला वाशिमला त्या माझ्याबरोबर आल्या, तेही एसटीत खिडकीची जागा धरून. दुकानात त्यांनी अशी काही उलटतपासणी घेतली की दुकानदाराला घाम फुटला. "याची शेपटी लांब हाय, नको. हा चावकुरा दिसते, नको. त्याले कोपऱ्यात ठेवलं ते काहून?" प्रत्येक 'नको' आधीच्याहून खणखणीत होत गेला. शेवटी सहा कोरी आणि एक पिवळी गोगलगाय पसंत पडली. पिशव्या त्यांनी घरापर्यंत स्वतःच्या मांडीवर आणल्या.

कोरी आत सोडल्या तेव्हा मी श्वास रोखून धरला होता. फायटर खाली आला, त्यांच्यावरून एक फेरी मारली, एकदा कल्ले फुगवले आणि मिटवले. कोरींनी त्याच्याकडे बघितलंही नाही. त्यांनी वाळूत तोंडं खुपसली आणि कामाला लागल्या. साहेब परत वर गेले. जमलं! मी सासूबाईंचा हात घट्ट धरला आणि त्यांनी तो सोडवला नाही. दोघी स्टूल घेऊन काचेपुढेच बसलो.

तेवढ्यात सासरे दोन पाहुणे घेऊन ओसरीत आले आणि रोजच्यासारखी हाक आली, "च्या मांडा वं!"

मी उठायला लागले. सासूबाईंनी माझा पदर ओढून मला खाली बसवलं.

"नाही," त्या काचेवरची नजर न हलवता म्हणाल्या. "आमी मासे पाहून राह्यलो. तुमी मांडा."

सासरे दारात आले. त्यांनी बायकोकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी गोगलगायीकडे बघत होते. थोड्या वेळाने स्वयंपाकघरात डबे पडल्याचा आवाज झाला आणि पाठोपाठ विचारणा आली, "साखर कोन्या डब्यात हाय वं?"

"पाहा शोधून," सासूबाई म्हणाल्या, आणि मला नीट दिसावं म्हणून त्यांनी आपलं स्टूल थोडं बाजूला सरकवलं.